दोन दीर्घिकांमधली जागा: मंद जोड्यांचे निरीक्षण आणि छायाचित्रण

एकट्या मंद दीर्घिकेकडे दुर्बिणीतून पाहताना 'धुरकट डाग दिसला' एवढ्यावर नोंद संपू शकते. शेजारी दुसरी दीर्घिका असली की मात्र प्रश्न आपोआप उभे राहतात: दोन्ही वेगळ्या दिसतात का, कोणती अधिक तेजस्वी आहे, आणि दोन्हींच्या मधली जागा खरोखर काळी आहे की तिथेही थोडा उजेड आहे? माझ्या मते जोड्यांच्या अभ्यासाचे मर्म या मधल्या जागेत आहे. पुढे सांगितलेली प्रत्येक पायरी, मग ती नेत्रिका (दुर्बिणीत डोळ्याशी लावायचे भिंग) निवडण्याची असो की छायाचित्रावरच्या प्रक्रियेची, त्या जागेचे खरे रूप न बिघडवता पाहता यावे यासाठीच आहे.

या जागेला एवढे महत्त्व का, हे आधी समजून घ्यावे. दोन दीर्घिका एकमेकींच्या जवळून जातात तेव्हा गुरुत्वाकर्षणाच्या भरती-परिणामामुळे त्यांच्यातले तारे आणि वायू ओढले जाऊन मध्ये पूल आणि बाहेरच्या बाजूंना लांब शेपट्या तयार होतात. एरिक होल्मबर्ग यांनी १९४१ साली, संगणक हाताशी नसताना, प्रत्येक दीर्घिकेसाठी ३७ असे एकूण ७४ दिवे मांडून अशा भेटीची प्रतिकृती केली होती. प्रकाशाची तीव्रताही गुरुत्वाकर्षणासारखीच अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत असल्यामुळे, प्रत्येक ठिकाणचा प्रकाश मोजून ते दिवे पुढे सरकवत गेले. पुढे १९७२ साली अलार आणि युरी टूमरे या भावांनी संगणकीय गणिताने दाखवून दिले की अशा पुलांची आणि शेपट्यांची उत्पत्ती केवळ गुरुत्वाकर्षणाने समजावता येते. आपण छोट्या दुर्बिणीतून ज्या फिकट उजेडाचा शोध घेतो, तो या घडामोडींचा प्रत्यक्ष पुरावा असतो.

पहिली पायरी: जोडीची निवड

नवशिक्यांची सर्वांत मोठी फसगत दृश्य प्रतीच्या, म्हणजे तेज सांगणाऱ्या, आकड्याने होते; हा आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद. यादीत दीर्घिकेची प्रत १० दिली असली, तर १० व्या प्रतीच्या ताऱ्याइतकी ती सहज दिसेल असे वाटते. पण ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत असतो आणि दीर्घिकेचा प्रकाश पसरलेला असतो. एका अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. १० व्या प्रतीची दीर्घिका ५ कला लांब आणि ४ कला रुंद असेल, तर तिच्या प्रत्येक चौरस कलेच्या वाट्याला सरासरी १३ व्या प्रतीच्या ताऱ्याएवढाच प्रकाश येतो. म्हणून यादी करताना एकूण प्रतीबरोबर आकारमान आणि पृष्ठतेज (दर चौरस कलेमागचे तेज) हे दोन रकानेही पाहावेत. लहान, दाट गाभ्याची ११ व्या प्रतीची दीर्घिका ही मोठ्या पसरट १० व्या प्रतीच्या दीर्घिकेपेक्षा पुष्कळदा आधी दिसते.

सुरुवात तेजस्वी जोडीपासून करावी. शामशबल तारकासमूहातील एम ५१ आणि तिची सोबतीण एनजीसी ५१९५ अनुक्रमे सुमारे ८.४ आणि ९.६ प्रतीच्या आहेत (एम आणि एनजीसी ही आकाशातील वस्तूंच्या याद्यांची लघुरूपे). लॉर्ड रॉस यांनी १८४५ साली आपल्या ७२ इंची दुर्बिणीतून एम ५१ ची सर्पिल रचना प्रथम ओळखली. दोन गाभे वेगळे कसे दिसतात याची सवय या जोडीवर होते. त्यानंतर त्याच तारकासमूहातील एनजीसी ४४९० आणि ४४८५ घ्याव्यात. बीटा ताऱ्यापासून त्या अवघ्या ४० कलांवर असल्यामुळे सापडायला सोप्या आहेत, मात्र लहान दीर्घिका जवळजवळ १२ व्या प्रतीची असल्याने ती पाहताना कस लागतो. कन्या तारकासमूहात एम ६० आणि एनजीसी ४६४७ ही विषम जोडी आहे: एक तेजस्वी लंबवर्तुळाकार दीर्घिका आणि तिच्यापासून सुमारे अडीच कलांवर एक फिकट सर्पिल दीर्घिका. एनजीसी ४५६७ आणि ४५६८ ही त्याच तारकासमूहातील जोडी एका टोकाला इतकी चिकटलेली दिसते की तिचा आकार इंग्रजी व्ही अक्षरासारखा भासतो.

यापुढचे लक्ष्य म्हणजे हस्त तारकासमूहातील एनजीसी ४०३८ आणि ४०३९ ही 'अँटेना' जोडी, सप्तर्षीतील एनजीसी ५२१६ आणि ५२१८, आणि अरुंधती केशातील एनजीसी ४६७६. शेवटच्या जोडीला 'उंदीर' असे नाव पडले आहे. तिचे अंतर सुमारे ३० कोटी प्रकाशवर्षे असून ती नेत्रिकेतून पाहण्यासाठी मोठ्या दुर्बिणीची आणि अतिशय काळ्या आकाशाची गरज लागते. नवी लक्ष्ये हवी असतील तेव्हा हाल्टन आर्प यांच्या १९६६ सालच्या ३३८ विलक्षण दीर्घिकांच्या यादीचा आणि इगोर कराचेन्त्सेव्ह यांच्या १९७२ सालच्या ६०३ एकाकी जोड्यांच्या यादीचा आधार घ्यावा. आर्प क्रमांक आज बहुतेक सर्व आकाशदर्शक संगणकप्रणालींमध्ये थेट टाइप करून शोधता येतात.

दुसरी पायरी: रात्र आणि आकाश

वर दिलेल्या बहुतेक जोड्या मार्च ते मे या महिन्यांत संध्याकाळनंतर उंच येतात. याचे कारण असे की आपल्या आकाशगंगेचा उत्तर ध्रुव अरुंधती केशात आहे आणि त्या दिशेला पाहताना आपल्या नजरेआड येणारे आकाशगंगेतले तारे आणि धूळ सर्वांत कमी असतात. दक्षिण गोलार्धात फार खाली राहणाऱ्यांना सप्तर्षी आणि शामशबल दिसणार नाहीत. त्यांनी हस्त आणि कन्या यांवर भर द्यावा.

चंद्र क्षितिजाखाली असलेली रात्र निवडावी. तारे किती स्थिर दिसतात यापेक्षा हवा किती पारदर्शक आहे हे मंद दीर्घिकांसाठी अधिक महत्त्वाचे असते; पाऊस पडून गेल्यावर धुतलेल्या हवेत, तारे थोडे लुकलुकत असले तरी, दीर्घिका उत्तम दिसतात. लक्ष्य क्षितिजापासून ३० अंशांवर असताना त्याचा प्रकाश डोक्यावरच्या तुलनेत दुप्पट जाडीच्या हवेतून येतो, म्हणून त्याहून वर आल्यावरच पाहावे आणि शक्य तर याम्योत्तर (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडण्याच्या सुमारास पाहावे. तेजोमेघांसाठी विकले जाणारे फिल्टर इथे उपयोगी पडत नाहीत. दीर्घिकेचा प्रकाश मुख्यतः ताऱ्यांचा असतो आणि तो सर्व रंगांत पसरलेला असल्यामुळे फिल्टर आकाशाबरोबर दीर्घिकेलाही झाकतो. काळ्या आकाशाला दुसरा पर्याय नाही.

तिसरी पायरी: जोडीपर्यंत पोहोचणे

सिंह तारकासमूहातील एनजीसी ३२२७ आणि ३२२६ या जोडीसाठी एक अतिशय सोपी युक्ती आहे आणि ती प्रत्येक नवशिक्याने एकदा तरी करून पाहावी. सिंहाच्या आयाळीतला गॅमा हा ठळक तारा आणि ही जोडी जवळजवळ एकाच क्रांतीवर, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासून सारख्याच अंशांवर, आहेत. जोडी ताऱ्याच्या पूर्वेला सुमारे ५० कलांवर आहे. ट्रॅकिंग (आकाशाबरोबर आपोआप फिरण्याची सोय) नसलेल्या किंवा बंद केलेल्या दुर्बिणीत गॅमा तारा दृष्टिक्षेत्राच्या मध्यभागी आणावा आणि दुर्बिणीला हात न लावता साडेतीन मिनिटे थांबावे. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश सरकते आणि जोडी स्वतःहून मध्यभागी येते. तेजस्वी तारा क्षेत्राबाहेर गेल्यामुळे तोवर डोळाही थोडा सावरतो.

इतर जोड्यांसाठी ताऱ्यांच्या आधाराने टप्प्याटप्प्याने जाण्याची सवय करावी. स्टेलॅरियमसारख्या प्रणालीतून १२ व्या किंवा १३ व्या प्रतीपर्यंतच्या ताऱ्यांचा नकाशा आधीच तयार ठेवावा आणि तो आपल्या दुर्बिणीतल्या प्रतिमेप्रमाणे उलटा किंवा आरशातल्यासारखा करून घ्यावा. शेवटच्या टप्प्यावर आजूबाजूचे तीन-चार तारे नकाशाशी तंतोतंत जुळल्याशिवाय 'दीर्घिका दिसत नाही' असा निष्कर्ष काढू नये. स्वयंचलित दुर्बीण वापरणाऱ्यांनीही हीच खात्री करावी, कारण यंत्र काही कला चुकले तरी मंद जोडी क्षेत्राच्या कडेला जाते आणि नजरेतून सुटते.

चौथी पायरी: नेत्रिकेशी

डोळ्यांना अंधाराची सवय होण्यासाठी किमान ३० मिनिटे द्यावीत आणि त्यानंतर फक्त अतिशय मंद लाल प्रकाश वापरावा. डोक्यावरून काळे कापड घेतल्यास आजूबाजूचा उजेड थांबतो. हा उपाय साधा असला तरी त्याने पडणारा फरक मोठा असतो. मंद वस्तूकडे थेट न पाहता तिरक्या नजरेने पाहावे, कारण डोळ्याच्या पडद्यावर मध्यभागी मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी जवळजवळ नसतात. उजव्या डोळ्याने पाहताना नजर लक्ष्याच्या किंचित उजवीकडे आणि डाव्या डोळ्याने पाहताना किंचित डावीकडे ठेवावी, म्हणजे प्रतिमा डोळ्याच्या अंध बिंदूवर पडत नाही. नळीला अगदी हलकी टिचकी मारून प्रतिमा हलवली की काठावरची दीर्घिका क्षणभर उठून दिसते, कारण आपली कडेची नजर हालचालीला तत्पर असते.

विशालनाविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. मंद वस्तूसाठी कमीत कमी विशालन वापरावे असे अनेकांना वाटते. विशालन वाढवल्यावर दीर्घिका फिकट होते हे खरे, पण आकाशाची पार्श्वभूमीही तितकीच फिकट होते, त्यामुळे दोन्हींमधला तेजाचा फरक प्रमाणात तसाच राहतो; उलट वस्तू मोठी झाल्याने डोळ्याला ती ओळखणे सोपे जाते. नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास सुमारे २ मिलिमीटर राहील असे विशालन बहुतेक दीर्घिकांना मानवते. उदाहरणार्थ, २०० मिलिमीटर व्यासाच्या आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला १२ मिलिमीटरची नेत्रिका लावल्यास विशालन १०० पट होते आणि शलाकेचा व्यास बरोबर २ मिलिमीटर येतो. दोन कलांनी विभक्त असलेले गाभे मग डोळ्याला तीन अंशांहून अधिक दूर दिसतात.

जोडी सापडली की पुढच्या लक्ष्याकडे धावू नये. किमान १५ मिनिटे तिथेच थांबावे आणि या क्रमाने पाहावे: आधी तेजस्वी गाभा, मग दुसरा गाभा, मग प्रत्येकीचा लांबट आकार कोणत्या दिशेला आहे ते, आणि सर्वांत शेवटी मधली जागा. मधल्या जागेचा निर्णय सर्वांत कठीण असतो, कारण दोन धूसर कडा जवळ आल्या की डोळा त्यांना आपोआप जोडतो. अशा वेळी विशालन दीडपट करावे. खोटा पूल बहुधा तुटतो आणि मध्ये काळी पट्टी दिसते. तरीही करडेपणा टिकून राहिला, तर तसे नोंदवावे. रेखाचित्र काढावे आणि ते पूर्ण होईपर्यंत त्या जोडीचे कोणतेही छायाचित्र पाहू नये. आधी छायाचित्र पाहिलेले असले की जे दिसायला हवे तेच दिसू लागते आणि नोंदीची किंमत संपते.

पाचवी पायरी: कॅमेऱ्याची तयारी

छायाचित्रणात पहिले गणित प्रतिमेच्या मापाचे असते. कॅमेऱ्याच्या पिक्सेलचा आकार मायक्रोमीटरमध्ये घेऊन त्याला २०६ ने गुणावे आणि नाभीय अंतराने मिलिमीटरमध्ये भागावे. उत्तर विकलांमध्ये मिळते. पिक्सेल ३.७६ मायक्रोमीटर आणि नाभीय अंतर ८०० मिलिमीटर असेल, तर एक पिक्सेल सुमारे ०.९७ विकला व्यापतो. वातावरणामुळे ताऱ्याची प्रतिमा सर्वसाधारण ठिकाणी २ ते ३ विकला पसरतेच, म्हणून १ विकलेच्या आसपासचे माप मंद जोड्यांसाठी योग्य असते. एम ५१ साठी ४०० मिलिमीटरची दुर्बीणही चालते. 'उंदीर' जोडीसाठी हजार मिलिमीटरच्या पुढे जावे.

ट्रॅकिंग करणारा विषुववृत्तीय माउंट (पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षावर फिरणारा आधार) आणि ऑटोगाइडिंग (एका ताऱ्यावर लक्ष ठेवून ट्रॅकिंगची चूक आपोआप सुधारणे) या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत; गाइडिंगमधली सरासरी चूक एका विकलेखाली ठेवावी. कॅमेऱ्यावर खर्च करण्याआधी माउंटवर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण डळमळणाऱ्या माउंटवर उत्तम संवेदकही दोन गाभ्यांना एकत्र मिसळून टाकतो.

एकेक फ्रेम, म्हणजे एकेक छायाचित्र, किती वेळाची घ्यावी याचे उत्तर आकाशावर अवलंबून असते. आकाशाचा उजेड कॅमेऱ्याच्या स्वतःच्या वाचन-नॉइजच्या (संवेदक वाचताना चित्रात मिसळणाऱ्या खरखरीच्या) बराच वर जाईल एवढा वेळ पुरेसा असतो. मध्यम वेगाच्या दुर्बिणींना काळ्या आकाशाखाली तो २ ते ५ मिनिटांच्या दरम्यान येतो. खरी बाब एकूण वेळेची आहे. सिग्नल आणि नॉइज यांचे गुणोत्तर वेळेच्या वर्गमुळाने वाढते, म्हणजे वेळ दुप्पट केला तर सुधारणा १.४ पटच होते. आकाशाचा उजेड दर चौरस विकलेमागे २.५ प्रतींनी कमी असलेल्या ठिकाणी गेल्यास मात्र तोच परिणाम दहाव्या भागाएवढ्या वेळात मिळतो. शहराजवळ दहा रात्री घालवण्यापेक्षा एक रात्र दूर जाणे का शहाणपणाचे, हे या आकड्यातून कळते. पूल आणि शेपट्या टिपायच्या असतील तर काळ्या आकाशाखालीही ८ ते १० तासांचे लक्ष्य ठेवावे.

दर दोन-तीन फ्रेमनंतर दुर्बीण काही पिक्सेल इकडेतिकडे सरकवावी. याला डिथरिंग म्हणतात. त्यामुळे संवेदकाचे कायमचे दोष स्टॅकिंगमध्ये, म्हणजे सर्व फ्रेम एकत्र जोडताना, एकावर एक पडत नाहीत. डार्क फ्रेम (दुर्बिणीवर झाकण लावून घेतलेल्या) नेहमीप्रमाणे घ्याव्यात. फ्लॅट फ्रेमबाबत (एकसमान उजेडाच्या पृष्ठभागाच्या फ्रेम) मात्र कसलीही तडजोड करू नये: कॅमेरा न फिरवता, फोकस न बदलता, त्याच रात्रीच्या मांडणीत त्या घ्याव्यात. संवेदकावरील धुळीचे वलय आणि कडेचा काळवंडलेपणा यांचे तेज दीर्घिकेच्या शेपटीच्या तेजाहून कितीतरी जास्त असते. फ्लॅट चुकले की पुढची कोणतीही प्रक्रिया मधल्या जागेविषयी खरे सांगू शकत नाही.

हायड्रोजन-अल्फा फिल्टर (हायड्रोजनच्या लाल प्रकाशरेषेपुरताच उघडा) लावून ताऱ्यांच्या जन्मस्थळांचे लाल ठिपके उठवण्याची इच्छा अनेकांना होते. त्याआधी ताम्रसृतीचा, म्हणजे दूर जाणाऱ्या दीर्घिकेचा प्रकाश लाल बाजूला सरकण्याचा, हिशेब करावा. ही रेषा प्रयोगशाळेत ६५६.३ नॅनोमीटरवर असते. एम ५१ साठी ती जेमतेम १ नॅनोमीटर सरकते, 'अँटेना' जोडीसाठी सुमारे ३.६ नॅनोमीटर, आणि 'उंदीर' जोडीसाठी सुमारे १४ नॅनोमीटर. फिल्टरची रुंदी ७ नॅनोमीटर असेल तर तो मध्यापासून दोन्ही बाजूंना साडेतीन नॅनोमीटरच उघडा असतो. म्हणजे 'अँटेना' त्याच्या अगदी काठावर येते आणि 'उंदीर' पूर्णपणे बाहेर राहते. दूरच्या जोड्यांसाठी साध्या, विनाफिल्टर किंवा ल्युमिनन्स (सर्व दृश्य रंग घेणाऱ्या) फ्रेमवरच वेळ खर्च करावा.

सहावी पायरी: प्रक्रिया

स्टॅकिंगसाठी सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर या मोफत प्रणाली पुरेशा आहेत. उपग्रहांच्या रेषा काढण्यासाठी सिग्मा-रिजेक्शन (इतर फ्रेमशी न जुळणारे पिक्सेल वगळणे) चालू ठेवावे.

त्यानंतरचा टप्पा सर्वांत जोखमीचा आहे. आकाशातील उजेडाचा उतार काढून टाकणारी साधने मंद शेपटीलाही उतारच समजू शकतात आणि तिला पुसून टाकतात. म्हणून पार्श्वभूमीचे नमुना-बिंदू हाताने ठेवावेत, जोडीपासून आणि तिच्या संभाव्य शेपट्यांपासून दूर ठेवावेत, आणि शक्य तितका साधा, पहिल्या किंवा दुसऱ्या घाताचा उतार वजा करावा. काढून टाकलेल्या उताराचे चित्र वेगळे उघडून पाहावे. त्यात दीर्घिकांची सावली दिसली, तर बिंदू चुकले आहेत. चित्र ताणताना, म्हणजे त्यातले मंद भाग उजळ करताना, पार्श्वभूमी पूर्ण काळी करू नये, कारण काळ्यात दाबलेला पूल परत येत नाही. काळे-पांढरे उलटे करून पाहिल्यास फिकट भाग डोळ्याला चटकन जाणवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी नॉइज कमी करणारी आणि धार आणणारी साधने मधल्या जागेत नसलेले धागे विणू शकतात. त्यांचा वापर केल्यास मूळ चित्राशी तुलना केल्याशिवाय कोणताही तपशील खरा मानू नये.

पूल खरा आहे की दोन बाह्य प्रभामंडळांची फक्त बेरीज, हे मोजून ठरवता येते. न ताणलेल्या चित्रात मधल्या बिंदूचे तेज पार्श्वभूमी वजा करून मोजावे. मग तो बिंदू प्रत्येक गाभ्यापासून जितक्या अंतरावर आहे तितक्याच अंतरावर, पण विरुद्ध बाजूला, प्रत्येक दीर्घिकेचे तेज मोजून दोन्हींची बेरीज करावी. मधले तेज या बेरजेपेक्षा ठळकपणे जास्त असेल, तर तिथे आणखी काहीतरी आहे. दीर्घिका दोन्ही बाजूंना सारख्या असतातच असे नाही, त्यामुळे हा अंतिम पुरावा ठरत नाही. पण 'मला पूल दिसतो' या भावनेपेक्षा तो पुष्कळ भरवशाचा आहे. एनजीसी ५२१६ आणि ५२१८ यांच्यातला धागा, ज्याची नोंद फिलिप कीनन यांनी १९३५ साली केली, हा या सरावासाठी उत्तम आहे, कारण तो तिथे आहे हे निश्चित माहीत आहे.

सातवी पायरी: जोडी खरी आहे का

शेजारी दिसणाऱ्या दीर्घिका शेजारी असतीलच असे नाही. महाश्व तारकासमूहातील स्टीफनच्या पंचकात, म्हणजे पाच दीर्घिकांच्या गटात, एनजीसी ७३२० चा दूर जाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ८०० किलोमीटर आहे, तर इतर चौघींचा ५,७०० ते ६,७०० किलोमीटर. ती वाटेत आडवी आलेली, खूप जवळची दीर्घिका आहे. वासुकी तारकासमूहातील एनजीसी ३३१४ मध्ये तर दोन सर्पिल दीर्घिका एकमेकींवर जवळजवळ बरोबर पडलेल्या दिसतात, तरी त्यांचा परस्परांशी संबंध नाही. नासाच्या 'नेड' या दीर्घिकांच्या माहितीसंचात दोन्ही क्रमांक टाकून वेग पाहावेत. वेगांत काहीशे किलोमीटरांचाच फरक असेल आणि आकारही विस्कटलेले असतील, तर जोडी खरी असण्याची शक्यता दाट असते.

एम ८१ आणि एम ८२ च्या परिसरात आणखी एक काळजी घ्यावी. तिथे दिसणारे फिकट धुराचे पट्टे मोठ्या प्रमाणात आपल्याच आकाशगंगेतील धुळीचे आहेत. ते दीर्घिकांच्या शेपट्या नव्हेत.

सर्वांत शेवटची तपासणी आपल्याच फ्रेमवर करावी. त्यांचे दोन समान गट करावेत, शक्य तर वेगवेगळ्या रात्रींचे, आणि दोन्हींवर स्वतंत्रपणे तीच प्रक्रिया करावी. मधल्या जागेतला जो तपशील दोन्ही चित्रांत एकाच ठिकाणी येतो तो नोंदवावा, आणि जो एकाच चित्रात येतो तो आणखी फ्रेम मिळेपर्यंत बाजूला ठेवावा. नोंदीत तारीख, वेळ, दुर्बिणीचा व्यास आणि नाभीय अंतर, एकूण वेळ, आकाशाचा दर्जा आणि वापरलेली प्रक्रिया लिहावी, म्हणजे तीच जोडी पुढे दुसऱ्या कोणी पाहिली तर दोन नोंदींची तुलना करता येईल.